मुख्याध्यापक घरी राहिले

आमच्या दाराची घंटा बिघडून महिना झाला होता, म्हणून येणारा-जाणारा दार ठोठावत असे. त्या सकाळी दार वाजलं तेव्हा घरात रोजची तपासणी चालू होती. माझी मुलगी शाळेला निघण्याआधी माझे सासरे तिची नखं बघतात. चौतीस वर्षं त्यांची नोकरी झाली, त्यातली एकोणीस मुख्याध्यापक म्हणून. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी सकाळचे आठ वाजले की त्यांना समोर कुणाची तरी नखं लागतात. एकदा घाईत किल्ल्या शोधणाऱ्या आमच्या ह्यांनीही नकळत हात पुढे केले होते.

"डाव्या करंगळीचं राहिलंय," सासरे म्हणाले.

"ते कात्रीत येत नाही, आजोबा. फार बारीक आहे."

"बारीक आहे तर दिसलं कसं मला?"

तेवढ्यात दार वाजलं. मी हात पुसत गेले. बाहेर संस्थेची मुलगी उभी होती, काखेत फाइल आणि हातात एक पाकीट. ही संस्था निवृत्त शिक्षकांना परदेशात पाठवते. जिथं शाळा नव्या आहेत आणि शिक्षकांना धड प्रशिक्षण मिळालेलं नाही, अशा ठिकाणी तीन महिने राहायचं आणि तिथल्या शिक्षकांना हाताशी धरून शिकवायचं. पगार नाही. राहणं-जेवण तेवढं त्यांच्याकडून. सासऱ्यांनी जाहिरात वाचली त्याच दिवशी अर्ज मागवले होते. एक स्वतःसाठी आणि एक सासूबाईंसाठी, "सोबत म्हणून". दोन्ही अर्ज त्यांनीच भरले. स्वतःच्या अनुभवाला चार पानं जोडली. सासूबाईंच्या अनुभवाच्या रकान्यात लिहिलं, 'प्राथमिक वर्ग, सत्तावीस वर्षे'. झालं.

"बाईंसाठी आणलंय," मुलगी म्हणाली. पण सासरे तोवर दाराशी पोचले होते आणि पाकीट त्यांच्या हातात गेलं होतं. त्यांनी चष्मा लावला, घसा साफ केला आणि शाळेच्या पटांगणावर वाचावं तशा आवाजात वाचायला सुरुवात केली.

"कळविण्यास आनंद होतो की निवड समितीने एकमताने..."

मग नाव आलं. ते वाचलं गेलं नाही. त्यांनी पाकिटात बोट घालून पाहिलं, दुसरा कागद नव्हता. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात पातेलं पुसत उभ्या होत्या.

"टायपिंगची चूक झालेली दिसतेय," सासरे म्हणाले.

"नाही सर," ती मुलगी हळूच म्हणाली. "बाईंचीच निवड झालीय."

इथं सांगायला हवं की सासूबाईसुद्धा त्यांना 'सर'च म्हणतात. एकोणीस वर्षं त्या त्यांच्याच हाताखाली शिकवत होत्या. शाळेत लागलेली सवय घरी आली आणि घरातच राहिली. सासरे मात्र शाळेत 'बाई, तुम्ही' आणि घरी 'अगं, तू' असं काटेकोर वेळापत्रक पाळत.

निवडीच्या दिवशी काय झालं होतं ते आम्हाला सासऱ्यांकडून तीनदा ऐकायला मिळालं होतं. प्रत्येक उमेदवाराला एका नवख्या शिक्षिकेच्या तासाला बसवलं होतं. तास बघायचा आणि मग तिच्याशी बोलायचं, एवढंच. सासऱ्यांना सात मिनिटं धीर निघाला. आठव्या मिनिटाला त्यांनी उठून तिच्या हातातला खडू घेतला आणि उरलेला तास स्वतः घेतला. असा घेतला की पोरांनी टाळ्या वाजवल्या. "निवड झालीच म्हणून समज," ते घरी येऊन म्हणाले होते. सासूबाईंना मी विचारलं, तुम्ही काय केलंत? त्या म्हणाल्या, "काही नाही गं. नुसती बसले."

"तुमचा तास फारच सुंदर झाला, सर," मुलगी आता म्हणत होती. "पण आम्हाला तास घेणारे नको होते."

"मग काय झोपणारे हवे होते?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिला चहा विचारला. ती नको म्हणाली आणि जिन्यावरून भराभर खाली गेली.

त्या दिवसापासून घरात सासरे फार मदत करू लागले. माणसाच्या पोटात दुखायला लागलं की तो एकतर रुसतो नाहीतर मदत करतो, आणि दुसरा प्रकार जास्त त्रासाचा असतो. त्यांनी सासूबाईंची बॅग तीनदा भरली आणि चारदा वजनकाट्यावर ठेवली. तिकडचं पाणी बाधतं, तिकडचे डास चावतात, तिकडे संध्याकाळी वीज जाते, हे सगळं ते रोज कुठून तरी शोधून आणत. "मी घाबरवत नाहीये, माहिती देतोय." आणि एके दिवशी त्यांनी टेबलावर एक जाडजूड बाड आणून आपटलं. 'मार्गदर्शक सूचना'. एकशे बारा पानं, स्वतः लिहिलेली, बाइंडिंग केलेली, मागे अनुक्रमणिका.

"हे वाचत जा रोज. म्हणजे तिथं अडायचं नाही."

बॅगेचं वजन आधीच जास्त होत होतं. सासूबाईंनी बाड हातात तोललं. मग बॅग उघडली, स्वतःचे दुसरे बूट बाहेर काढले आणि त्या जागी ते ठेवलं. मी ते बूट अजून कपाटात खालच्या कप्प्यात ठेवलेत.

त्या गेल्या आणि सासऱ्यांचा खरा छळ सुरू झाला. गल्लीत ज्याला त्याला बाईंचीच चौकशी. आमच्या खालच्या मजल्यावर सासऱ्यांच्याच शाळेतले निवृत्त हेडक्लार्क राहतात. आयुष्यभर ते सासऱ्यांच्या सह्यांसाठी ताटकळले, आता त्याचा वचपा काढतात.

"काय सर, बाई परदेशात आणि तुम्ही पहाऱ्याला?"

"आम्ही दोघांनी ठरवलंय. एकानं घर बघायचं."

"कुणी ठरवलं म्हणालात? दोघांनी?"

सासरे वर आले आणि माझ्यावर घसरले की भाजीत मीठ कमी आहे. भाजी अजून गॅसवर चढलीही नव्हती.

सासूबाई फोटो पाठवत. एका फोटोत पंधरा-वीस शिक्षिका त्यांच्याभोवती दाटीवाटीनं उभ्या होत्या, दोघींनी त्यांच्या डोक्यावर छत्री धरली होती. आम्ही सगळ्यांनी तो पाहिला, हसलो. सासऱ्यांनी टॅबलेट स्वतःकडे घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि बराच वेळ बघून म्हणाले, "फळा किती तिरका लावलाय."

रोज दुपारी चारला सासूबाईंचा फोन येई. तिकडे तेव्हा सकाळ असायची, त्यांचा वर्ग सुरू व्हायच्या आधीची. सासरे साडेतीनलाच इस्त्रीचा शर्ट घालून बसत. "फोन आला तर सांग, मी कामात आहे." मग पहिल्याच रिंगला टॅबलेट त्यांच्या हातात असायचा.

पण सासूबाई बोलायच्या त्या एकाच व्यक्तीबद्दल. तिला आम्ही 'उंच बाई' म्हणू लागलो होतो. तिथली एक तरुण शिक्षिका, दीड तास डोंगर उतरून येणारी, इतकी उंच की ती कुणाच्या डोळ्यांत भरू नये म्हणून कायम पाठीत वाकून उभी राही. पूर्वी एकदा तपासणीला आलेल्या साहेबानं तिला तिच्याच वर्गातल्या मुलांसमोर झापलं होतं. तेव्हापासून पाहुणा असला की ती फळ्यापाशी जात नसे. सासूबाई परत आल्यावर डोंगरावरच्या अकरा शाळांतल्या शिक्षकांना पुढं शिकवू शकेल अशी तीच एक होती. त्या बाजूला राहणारं दुसरं कुणी नव्हतंच.

"आज तिनं खडू हातात घेतला," सासूबाई सांगत. किंवा, "आज तिला कणकण होती, मी कपाळाला हात लावून बघितला."

फोन ठेवल्यावर सासरे म्हणाले, "मला गेल्या आठवड्यात ताप होता. कुणी विचारलं?"

"मी विचारलं होतं, बाबा."

"तू विचारलंस. तू घरातलीच."

एके दिवशी असाच चारला फोन आला. माझ्या मुलीच्या दाताबद्दल सासूबाईंना विचारायचं होतं. बोलता बोलता त्यांच्या मागे माणसं जमू लागली. त्यांनी गडबडीत फोन टेबलावर कशाला तरी टेकवून उभा केला आणि वळल्या. बंद करायचा राहून गेला. समोर पडद्यावर तो सगळा वर्ग दिसत होता, फळ्यासकट. मी इस्त्री करत होते.

"बाबा, बंद करा तो," मी म्हणाले.

"ती करेल." त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

मी इस्त्री बंद केली. मलाही बघायचं होतं, खोटं कशाला सांगू?

ती उंच मुलगी फळ्याकडे गेली. सव्वीस शिक्षक बाकांवर मुलांसारखे बसले होते. तिनं भागाकार मांडला, सहाशे बारा भागिले सहा. उत्तर लिहिलं, बारा. आणि खडू धरून गप्प उभी राहिली. वर्गाकडे तोंड करून, पाठ सरळ करून. फोटोंत पाहिलं होतं त्यापेक्षा ती खूपच उंच निघाली. सासूबाई मागे भिंतीशी बसल्या होत्या, हात मांडीवर.

मी सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"चूक!"

तो शब्द तिकडे कुणाला कळला नसणार. पण त्या आवाजाचा अर्थ जगातल्या कुठल्याही वर्गात कळतो. सव्वीसच्या सव्वीस माना फोनकडे वळल्या. त्या मुलीच्या हातातून खडू पडला. तिनं वाकून तो उचलला, हातानंच फळा पुसला आणि जागेवर जाऊन बसली. बसली ती पुन्हा वाकूनच.

सासूबाईंचा चेहरा पडद्यावर आला. "सर, फोन ठेवा," त्या म्हणाल्या. आणि त्यांनीच ठेवला.

दुसऱ्या दिवशी चारला टॅबलेट वाजला नाही. साडेचारला माझा फोन वाजला. "त्यांना दे," सासूबाई म्हणाल्या. मी स्पीकर लावून सासऱ्यांपुढं धरला.

"एकशे दोन येतात," सासऱ्यांनीच सुरुवात केली. "मधलं शून्य खाल्लं तिनं. बारा कसे?"

"मला माहीत आहे, सर. तिलाही माहीत आहे."

"मग?"

"मुद्दाम लिहिलं होतं. चूक फळ्यावर ठेवायची आणि मुलं पकडेपर्यंत गप्प राहायचं. मुलांनी पकडलेलं शून्य मुलं जन्मात विसरत नाहीत. पण तसं गप्प उभं राहणं फार अवघड असतं. तिला ते जमायला तीन आठवडे लागले. आज वर्गाची वेळ झाली तरी ती आलीच नाही."

"हे कुठलं नवीन काढलंय?"

"नवीन नाही. तुमच्याच शाळेत एकोणीस वर्षं करत होते मी."

सासरे फोनकडे झुकले.

"तुम्ही दर वर्षी माझ्या तासाला येऊन शेरा लिहायचात. 'फळ्यावर चुका होतात, लक्ष द्यावे.' मी खाली सही करायचे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"पहिल्या वर्षी सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, बाई, शिक्षकानं चुकायचं नसतं. मग म्हटलं, तुम्हाला शेरा लिहू द्यावा. पोरांना भागाकार येत होता ना." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "ठेवते. मला वर तिच्या घरी जायचंय."

त्या दिवशी सासरे जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. मला वाटलं, अपराधी वाटत असेल. भांडी घासताना मागं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "जे मला एकोणीस वर्षांत नाही सांगितलं, ते त्या पोरीला तीन आठवड्यांत सांगितलं."

मी नळ बंद केला. इतके दिवस मी समजत होते की त्यांना परदेशाचं वाईट वाटतंय, त्या पत्राचं, त्या छत्रीचं. ते होतंच. पण त्याखाली हे होतं. वर्गाच्या मागच्या भिंतीशी, हात मांडीवर ठेवून, कुणीतरी आपल्याकडे असं बघत बसावं, ही जागा त्या मुलीला मिळाली होती. त्यांना ती कधी मिळाली नव्हती, आणि त्यांनी कुणाला दिलीही नव्हती.

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतंत?" मी विचारलं.

"मुख्याध्यापक होतो मी."

"म्हणजे नाही."

ते जाऊन झोपले. उजेड होता अजून.

सासूबाई त्रेसष्ट वर्षांच्या, एक गुडघा कामातून गेलेला. त्या दीड तास डोंगर चढून गेल्या. ती मुलगी घरी होती. वर्गाला येईन म्हणाली, मागे बसेन, पण फळ्यापाशी नाही. दोघींना येते ती तिसरीच मोडकी भाषा, तिच्यात त्यांचं बोलणं झालं. तिनं एकच गोष्ट विचारली, तो माणूस कोण?

"मी सांगितलं, माझे मुख्याध्यापक," सासूबाई मला फोनवर म्हणाल्या. "तर ती म्हणते, अजून?"

मी हसले. शेजारी बसलेले सासरे हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कागद घेतला आणि पत्र लिहायला बसले. दुपारी मला वाचायला दिलं. चार पानं. पहिल्या पानावर शून्याचं महत्त्व. दुसऱ्या पानावर भागाकाराची योग्य पद्धत, आकृतीसह. तिसऱ्यावर अशा मुद्दाम केलेल्या चुकीतले धोके, अ, ब, क.

"बाबा, यात माफी कुठाय?"

"शेवटच्या ओळीत."

मी शेवटची ओळ वाचली. 'काही कमी-जास्त झाले असल्यास राग मानू नये.'

"झालं असल्यास?"

त्यांनी पत्र माझ्या हातून घेतलं, नीट घडी केली आणि चार तुकडे केले. फाडतानाही कडेला कड जुळवून.

संध्याकाळी मुलगी गृहपाठ घेऊन त्यांच्याजवळ बसली. तिनं वजाबाकीत हातचा घ्यायचा सोडला. मी दारातून बघत होते. सासऱ्यांनी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि ओठ मिटले. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा सेकंदांनी खोकले.

"आजोबा, खोकलात म्हणजे चुकलंय ना?"

"घसा खवखवतोय."

"मग पाणी प्या. आणि सांगा कुठं चुकलंय."

दुसऱ्या दिवशी ते तीस सेकंदांपर्यंत गेले, तिसऱ्या दिवशी उठून खिडकीशी गेले आणि बाहेर बघत राहिले. चौथ्या दिवशी दोन मिनिटं झाली असतील. मुलगी पेन्सिल चावत होती. एकदम ओरडली, "अरे! इथून एक घ्यायचा राहिला!" तिनं स्वतःच खोडलं, स्वतःच लिहिलं आणि वही त्यांच्या तोंडापुढे नाचवली. त्यांनी काहीच शिकवलेलं नव्हतं, तरी त्यांचा चेहरा असा झाला की मीच बाजूला झाले.

मग स्वयंपाकघरात आले. "तिला हे आधीपासून माहीत होतं," म्हणाले. तिला म्हणजे सासूबाईंना. अजूनही त्या बोलण्याला एक टोक होतंच, टोचणारं. "तिच्याकडे ही मजा होती इतकी वर्षं. आणि मी बाहेरून शेरे मारत होतो."

"आता लावा फोन," मी म्हणाले.

"त्या मुलीला यायला सांग फोनवर. आईला सांग, मला त्या मुलीशी बोलायचंय. पण ती नको म्हणाली तर आग्रह नको."

दोन दिवस काही कळलं नाही. सासरे रोज साडेतीनला शर्ट घालून बसत आणि पाचला तो हँगरला लावत. तिसऱ्या दिवशी बरोबर चारला टॅबलेट वाजला. पडद्यावर सासूबाई, आणि त्यांच्या शेजारी, चौकटीत डोकं मावावं म्हणून मान वाकवून बसलेली ती.

"यायचं नव्हतं तिला," सासूबाई म्हणाल्या. "म्हणाली, बघते तरी कसे दिसतात. बोला. मी तिला सांगते."

ती सासऱ्यांकडे सरळ बघत होती. सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. माझ्या लक्षात आलं की त्यांनी काहीही लिहून आणलेलं नाही.

"त्या दिवशी मी ओरडलो," ते म्हणाले. "माझं चुकलं."

सासूबाईंनी ते तिला सांगितलं. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांनाही नवीनच होतं. ती मुलगी काही बोलली नाही. वाट बघत राहिली. तिला ते आता चांगलं जमत होतं.

सासऱ्यांनी घसा साफ केला. पण त्यानंतरचा आवाज पटांगणावरचा नव्हता. आणि त्यांनी तिला, माझ्या मुलीपेक्षा पंधराएक वर्षांनीच मोठ्या असलेल्या त्या पोरीला, शाळेतल्यासारखी हाक मारली.

"बाई, तुमचा तो भागाकाराचा तास मला पहिल्यापासून शेवटपर्यंत बघू द्याल का?"